तेरावा फर्मा

दर रविवारी दुपारी चार वाजता वरच्या खोलीत विद्वान जमायचे. विद्वान हा शब्द काकूंचा. बडीशेपेतला खडा थुंकावा तसा त्या तो म्हणायच्या. एक वकील, एक दातांचा डॉक्टर आणि तिसरा खुद्द काकूंचा मुलगा, बँकेत चिकटलेला. तिघं एकमेकांना पुस्तकं सुचवायचे. तीही कसली, तर दुसऱ्या ग्रहावरची माणसं, उडते राक्षस, अजून न लागलेले शोध. "हे वाचल्याशिवाय मरू नकोस," एक म्हणायचा. "आधी ते वाच, मग मर," दुसरा. मरायची घाई कुणालाच नव्हती, त्यामुळे पुस्तकं नुसती या पिशवीतून त्या पिशवीत हिंडायची.

काकूंना हे पक्कं ठाऊक होतं, कारण खाली त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. शाळा चौथीपर्यंत, वाचायचं म्हणजे अक्षराला अक्षर लावत. पण कुणी पुस्तक कुठवर वाचलंय हे त्या पाठीवरून बोट फिरवून सांगायच्या. वाचलेल्या पुस्तकाची पाठ सैल पडते, पायात बसलेल्या चपलेसारखी. वरच्या मंडळींची पुस्तकं पहिली चाळीस पानं सैल आणि पुढे इस्त्रीच्या शर्टासारखी ताठ.

एकदा जिन्यात मुलगा मित्रांना म्हणाला होता, "आई फक्त शिवते रे. आत काय आहे याच्याशी तिला काय देणंघेणं?" काकूंनी ते ऐकलं, आणि हातातलं दाभण गरजेपेक्षा जरा जोरातच टोचलं. त्यांचा अभिमान वेगळा होता. अडतीस वर्षांत त्यांच्या हातून एक पान इकडचं तिकडे गेलं नव्हतं. बाजारात सगळे तसं म्हणायचे, आणि काकू स्वतः दिवसातून दोनदा.

त्या रविवारी तीनच्या सुमाराला पंप दुरुस्त करणारा मेकॅनिक आला. काखेत पंपांच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक. तीन महिन्यांपूर्वी काकूंनीच ते उसवून नव्यानं शिवून दिलं होतं.

"मावशी, रागावू नका," तो म्हणाला. "माझ्या पंपात राजकन्या शिरलीय."

"भर दुपारी घेऊन आलास काय रे?"

"एकशे ब्याण्णव पान बघा. आता उलटा."

काकूंनी उलटलं आणि त्यांचे कान तापले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्यांचं बनतं. त्या घडीला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाच्या तळाशी बारीक आकडा असतो, आणि काकू आकड्यानं आकडा जुळवायच्या. तीन महिन्यांपूर्वी मेजावर एकाच मापाची दोन पुस्तकं उसवून पडली होती: हे पंपाचं, आणि मुलाची चंद्रावरच्या राजकन्येची कादंबरी. दोन्हींचे तेरावे फर्मे अदलाबदल झाले होते. फर्म्याचे आकडे बरोबर, पानांचे नंबर बरोबर. फक्त मजकूर चुकीचा. एक ओळ वाचली असती तरी कळलं असतं.

आई फक्त शिवते. कार्टं खरं ठरलं होतं.

"कुणाला बोललास?" काकूंनी हळूच विचारलं.

"छे! मी कशाला बोलतोय. पण मावशी, ती राजकन्या दारामागं अडकलीय, हवा संपत आलीय आणि दोनशे आठवर पान खलास. पुढं काय होतं? सुटते का ती?"

"आणि तुझा पंप?"

"पडलाय उघडा. मालक बोंबलतोय काल सकाळपासून."

"बस इथे," काकू म्हणाल्या. बेत सरळ होता. शिलाई ढिली झाली असं सांगून मुलाची कादंबरी खाली आणायची, गुपचूप फर्मे बदलायचे. अडतीस वर्षं शाबूत राहिली असती.

साडेचारला त्या वर गेल्या तेव्हा मैफल रंगात आली होती. वकील बूड न हलवता म्हणाला, "या काकू, बसा."

"ती राजकन्या कुणाकडे आहे? शिलाई बघायचीय."

"माझ्याकडे." डॉक्टरनं पिशवीतून पुस्तक काढलं. "तिघांचंही वाचून झालं. अहो, या वर्षातलं सगळ्यात उत्तम पुस्तक!"

काकूंनी पाठीवरून बोट फिरवलं. ताठ. मध्ये एकाच जागी कुणी उघडून बघितल्याची खूण. खुणेची फीत चाळिसाव्या पानात, अजून तश्शीच.

खरं तर पुस्तक मिळालं होतं. तोंड मिटून जिना उतरायचा, एवढंच काम उरलं होतं. पण काकूंना राहवेना. "वाचताना मध्ये काही चुकल्यासारखं नाही वाटलं?" कुणी 'हो' म्हणालं असतं तर त्यांची मान खाली गेली असती, पण या तिघांत एक तरी माणूस निघाला असता.

"चुकल्यासारखं?" डॉक्टर हसला. "काकू, तीच तर गंमत आहे. राजकन्या दार लावून घेते आणि लेखक एकदम पंपाकडे वळतो. व्हॉल्व, वॉशर, ग्रीस! सोळा पानं! एकटेपणा याहून चांगला मांडता येईल?"

"फार धाडसी प्रयोग," वकील म्हणाला.

"मलाही तोच भाग सगळ्यात आवडला," मुलगा म्हणाला.

"मग ती दारातून सुटली कशी?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. "ते लेखकानं वाचकावर सोडलंय," वकिलानं निकाल दिला.

काकूंनी पुस्तक पोटाशी धरलं. गप्प बसल्या असत्या तर नाव राहिलं असतं. पण मग या भोपळ्यांचंही राहिलं असतं.

"तो पंप लेखकाचा नाही, माझा आहे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पुस्तकाचा फर्मा मी यात शिवला. अडतीस वर्षांतली पहिली चूक. खाली पंपवाला बसलाय, त्यानं पान उलटताच पकडली. तुम्ही तीन महिने तिची आरती ओवाळताय."

डॉक्टर पिशवीत काहीतरी शोधायला लागला. वकिलाला घड्याळ आठवलं. मुलगा पुटपुटला, "आई, स्वतःची चूक चारचौघांत कशाला सांगायची?"

"माझी मी सांगितली. आता तुझी तू सांग. ही फीत मी शिवताना चाळिसाव्या पानात ठेवली होती. तू कुठवर गेलास?"

फीत तेवढी लोंबत होती.

खाली येऊन काकूंनी दोन्ही पुस्तकं उसवली. मेकॅनिकनं दोरा धरला. या वेळी शिवण्याआधी त्यांनी दोन्ही तेराव्या फर्म्यांची पहिली ओळ बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावत, मोठ्यानं वाचली. वेळ लागला. मेकॅनिक थांबला.

शिलाई झाल्यावर त्यांनी दोन्ही पुस्तकं त्याच्या हातात दिली.

"मावशी, ही कादंबरी तर तुमच्या मुलाची."

"त्याचा नंबर तुझ्यानंतर. आधी पंप नीट कर, मग ती कशी सुटते ते मला येऊन सांग. वरच्यांना विचारू नकोस. त्यांनी ते वाचकावर सोडलंय."