पिशवीनं धरलेली जागा

शेवगावच्या स्टँडवर नगरची एसटी लागली तसा गहिनीनाथ मास्तरांनी खिशात हात घातला. रुमाल घरीच राहिलेला! खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली, हा आपल्याकडचा कायदा. रुमाल नाही, तर मास्तरांनी अख्खी पिशवीच आत फेकली.

पिशवीत मोबाईल, डबा आणि अठरा पानांचं भाषण. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, पण व्याख्यानाला कुणी बोलावलं ते आज पहिल्यांदा. नगरच्या कॉलेजात, अकरा वाजता. विषय, हक्क निसर्गानं दिले की माणसानं बनवले? मास्तरांनी पहिल्याच ओळीत निकाल लावला होता : 'हक्क माणूस जन्मताना सोबत घेऊन येतो.'

सीट धरलेली, मग घाई कशाला? मास्तर डुलत दाराशी आले. तिथं कल्याण, त्यांचा जुना विद्यार्थी, कोपरं मारत घुसत होता.

"कल्याण, रांग! आधी आला त्याचा आधी हक्क!"

"कुठं लिवलंय, सर?"

"लिहायला कशाला पाहिजे? अरे, तो निसर्गतःच..."

मास्तर शिकवायला लागले की डोळे मिटायचे. तेवढ्यात निम्मा वर्ग मागच्या दारानं पसार व्हायचा. आज डोळे उघडले तर कल्याण आत, दार बंद आणि एसटी स्टँडच्या बाहेर. हक्क पुढं गेला, माणूस मागं राहिला.

चहावाल्याचा फोन मागून मास्तरांनी स्वतःलाच फोन लावला. पलीकडं बाईचा आवाज.

"कोन?"

"ती पिशवी माझी हाय, मावशी."

"आन् तुमी कुठं हाय?"

"शेवगावातच."

"अगं बया! मी कडूबाई. तुमच्या सीटापाशी उभी हाय, गुडघं मोडून आलं."

"मग बसा ना तिथं!"

"आसं कसं? धरल्याली जागा हाय. येक जन बसाय लागला तर कंडक्टर बी म्हनला, पिशवी दिसंना का?"

"मावशी, मी सोडला माझा हक्क!"

"फोनवर सोडत्यात व्हय? कुनी बी फोन करून म्हनंल. गप ऱ्हावा. नगरच्या स्टँडवर या, पिशवी घिऊन थांबते."

मास्तर पुढच्या गाडीनं निघाले. बसायला जागा नव्हतीच. एका सीटवर कुणाची तरी मळकी टोपी पडलेली. तिच्याकडं बघत मास्तर नगरपर्यंत उभे. भूगोलाच्या तासालाही त्यांनी निसर्ग इतका शोधला नव्हता. टोपीत तो सापडेना. उचलायची हिंमतही होईना.

नगरच्या स्टँडवर कडूबाई बाकाजवळ उभी. बाकावर पिशवी, ऐसपैस.

"मोजून घ्या," ती म्हणाली. "डबा तेवढा खाल्ला. त्यो काय कुनी धरल्याला नव्हता."

कॉलेजात पोचायला साडेबारा वाजले. दुसऱ्याच कुणीतरी भाषण उरकलं होतं. तरी मास्तरांना पाच मिनिटं मिळाली. त्यांनी पहिलं पान काढलं, पहिली ओळ मनात वाचली आणि पान परत पिशवीत घातलं.

"मी सांगायला आलो होतो वेगळंच," ते म्हणाले, "पण माझी पिशवी माझ्याआधी येऊन पोचली." आणि सगळी हकिगत सांगून टाकली. डोळे उघडे ठेवून. पोरं खुर्चीवरून पडेपर्यंत हसली, एकजणही मागच्या दारानं गेला नाही.

टाळ्या घेऊन मास्तर व्यासपीठावरच्या रिकाम्या खुर्चीकडं वळले. खुर्चीवर घडी केलेला रुमाल.

मास्तर आभारप्रदर्शन संपेपर्यंत उभे राहिले.