तीनशे पासष्टाचा डबा

गुरुवारी दुपारी प्रेस खाली आली आणि तुकोजीचा डावा तळवा पत्र्यासकट चेचला गेला. रक्ताची चिळकांडी रत्नाकर दामल्याच्या सदऱ्यावर उडाली. आणि या शहाण्या सुपरवायझरच्या मनात पहिलं काय यावं? फाटकावरचा फळा! 'विनाअपघात दिवस : ३६४.' उद्या वर्ष पुरं व्हायचं, पुण्याहून मोठे साहेब यायचे, हारतुरे व्हायचे. चेन्नईजवळच्या अख्ख्या इरुंगाट्टुकोट्टै वसाहतीत असा कारखाना नाही, असं हा वर्षभर मिरवत होता.

त्यानं तुकोजीला आडोशाला नेलं, तळव्यात घुसलेला पत्रा पकडीत धरला आणि हिसडला. तुकोजी गुरासारखा ओरडला. अर्धा तुकडा बाहेर आला, अर्धा आतच तुटला. ते रत्नाकरनं डोळ्यांनी पाहिलं आणि वरून पट्टी करकचून बांधली.

"घरी इडलीच्या ग्राइंडरमध्ये हात सापडला म्हणून सांग. आठवडाभर पडून राहा, हजेरीचं मी बघतो."

"बरं, सार," तुकोजी म्हणाला. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातला माणूस तो. इथं आपली भाषा बोलणारा साहेब भेटला म्हणून रत्नाकरवर त्याचा भारी जीव. त्या जिवानंच घात केला.

रविवारी त्याला चेन्नईत आयसीयूत आणला, तेव्हा हात खांद्यापर्यंत काळानिळा फुगला होता. तो पलंगावर डोकं आपटत होता, नळ्या उपटत होता. नर्सच्या पोटात त्यानं लाथ घातली. चौघांनी दाबून त्याला बांधला.

डॉक्टर सुष्मिता बाहेर आल्या. "जंतू रक्तात पसरलेत. त्यांच्याशी लढता लढता शरीर स्वतःच्याच अवयवांवर तुटून पडलंय. लघवी बंद झालीय, फुप्फुसं भरलीत. नक्की लागलं कशानं?"

"ग्राइंडरांत," तुकोजीची बायको राजसबाई पढवल्याप्रमाणे म्हणाली. तिच्या मांडीवर कॉफीचा नवा स्टीलचा डबा होता. शुक्रवारच्या समारंभात कामगारांना वाटलेला. रत्नाकरनं तो स्वतः घरी पोचवला होता. झाकणावर कोरलेलं : ३६५.

रत्नाकर मूग गिळून उभा राहिला. किती वेळ? सोमवार सकाळपर्यंत! लाज नाही वाटली मेल्याला. आत तुकोजीच्या नाकातोंडातून रक्त यायला लागलं, तेव्हा कुठे याला कंठ फुटला.

"प्रेसमध्ये चेचलाय हो. आत पत्रा आहे. मी ओढला, तो तुटला. मला ठाऊक होतं."

डॉक्टर आत धावल्या. कोपराच्या वर हात कापला, पण काळीज टेबलावरच थांबलं. छाती दाबता दाबता बरगड्या मोडल्या, तरी ते पुन्हा चाललं नाही.

राजसबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि ती उठली. "आंत पत्रा होता, हें तुम्हांला ठाऊक होतें, सार?"

रत्नाकरनं होकाराची मान डोलावली. तिनं दोन्ही हातांनी तो डबा त्याच्या तोंडावर हाणला. एकदा, दोनदा, पुन्हा. नाकाचं हाड मोडलं, दात फरशीवर पडला. त्यानं हात वर केला नाही. एवढी तरी अक्कल शिल्लक होती म्हणायची!

नर्सनं त्याला ओढून खुर्चीवर बसवलं, फुटलेल्या भुवईवर बोळा दाबला आणि नोंदीचा कागद पुढं घेतला. "कुठं लागलं? कशानं?"

रत्नाकरच्या तोंडात रक्त भरलं होतं. उत्तर राजसबाईनं दिलं. चेपलेला डबा ती पदरानं पुसत होती.

"लिहा," ती म्हणाली, "घरीं ग्राइंडरांत लागलें."