दहा फूट चिखल

मित्रांनो, मी एक जुना ॲल्युमिनियमचा पाइप आहे आणि मला उभे चिरलेले आहे. वाईट वाटून घेऊ नका. माझ्या आयुष्यातली सर्वांत आनंदाची गोष्ट मला चिरले तेव्हाच घडली.

भंगारातली भांडी वितळवून मला घडवले. मी बारा फूट लांब आणि तीन इंच रुंद होतो. वज्रेश्वरीजवळच्या एका गावातले शेतकरी दामू यांनी मला आणि माझ्या अकरा भावंडांना टेम्पोत घालून घरी आणले. सोळा वर्षे आम्ही तोंडाला तोंड जोडून विहिरीचे पाणी भेंडीला आणि मोगऱ्याला पोहोचवले. पाणी वाहत असले की माझे अंग गारेगार होई. दामूंची लहानगी सुकन्या उन्हातून आली की माझ्यावर गाल टेकवून बसायची आणि आतला खळखळाट ऐकायची.

मग प्लॅस्टिकचे काळे नळे आले. ते हलके होते आणि स्वस्तही. माझी भावंडे एकेक करून भंगारवाल्याकडे गेली. मी घरामागच्या कुंपणात अडकून राहिलो. माझ्यावर गोधड्या वाळल्या, कारल्याचा वेल चढला. एकदा ट्रॅक्टरचे चाक तोंडावरून गेले आणि तोंड चेपले. ते सरळ करावे असे कोणाच्या मनात आले नाही.

सुकन्या मात्र शिकत गेली. मुंबईतल्या एका संस्थेत ती समुद्राच्या गाळाचा अभ्यास करू लागली. एका शनिवारी दुपारी ती धावतच घरामागे आली आणि तिने माझ्यावरचा वेल ओरबाडून काढला.

"बाबा, हा पाइप मला हवाय! आत्ता!"

"अगं, चेपलाय तो. काय करणार त्याचं?"

"चिखलात घालणार! खाडीकाठच्या केसरीनाथ आजोबांनी खाचर विकलं, बाबा. सोमवारपासून भराव पडणार. गाळाचे थर जसेच्या तसे काढायचं संस्थेचं यंत्र मिळायला अजून दोन महिने आहेत. तोवर तिथं गोडाऊन उभं राहील. उद्या सकाळची ओहोटी, बस, तेवढाच वेळ आहे माझ्याकडे."

दामूंनी एकदा मुलीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग हातोडी आणली आणि तासभर ठोकून माझे तोंड जमेल तेवढे गोल केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो भिवंडीच्या खाडीकाठी थांबला. केसरीनाथ गुडघाभर चिखलात आमची वाट पाहत उभे होते. सत्तरी उलटलेला, काळाकभिन्न, काटक माणूस. बांध फुटल्यापासून त्यांच्या खाचरात भरतीचे पाणी शिरत होते, भात पिकत नव्हता. म्हणून त्यांनी जमीन विकली होती. पण एक गोष्ट त्यांच्या मनातून जात नव्हती. त्यांचे आजोबा सांगायचे, फार पूर्वी मोकळा दर्या पार त्या समोरच्या टेकडीला लागत होता. गावात सगळे त्यावर हसायचे. सुकन्या पहिल्यांदा भेटली तेव्हा ती हसली नव्हती. तिने वही काढून ते लिहून घेतले होते.

"व्हायब्रेटर आनलाय गो पोरी," केसरीनाथ म्हणाले. "वडप्याला गोडाऊनचं काम चाललंय ना, तिथला मुकादम माझा वलखीचा हाय. दुपारी परत नेऊन देवाचा हाय."

त्यांच्या मागे पाटी घेऊन त्यांची बायको राहीबाई उभी होती. ती म्हणाली, "जमीन इकली, आनि आता तिच्या पोटात काय हाय ते बगतात. आधी बगाचं होतं."

केसरीनाथ मला उचलायला वाकले.

मला उभे केले. काँक्रीट बसवायचे ते यंत्र माझ्या कमरेला बांधले आणि चालू केले. मित्रांनो, काय सांगू! आयुष्यभर माझ्यातून पाणी वाहिले होते, पण अशा झिणझिण्या कधी आल्या नव्हत्या. अंगाचा कण न् कण थरथरत होता आणि मी लोण्यात सुरी जावी तसा खाली चाललो होतो. वरचा काळा चिखल गेला. मग निळसर गाळ. मग चिकट, थंडगार, कधीही ऊन न पाहिलेली माती. ती माझ्या पोटात चढत होती, थरावर थर, जशी खाली होती तशीच.

"सात फूट! आठ!" सुकन्या ओरडत होती. "आजोबा, अजून जातोय!"

दहा फुटांवर मी थांबलो. आता मला उपसायचे होते. माझ्या तोंडावर रबरी बूच बसवले, तीन बांबूंच्या तिकाटण्यावरून कप्पीची साखळी ओढली. मी वीतभर वर आलो आणि माझ्या तोंडातून 'सूंऽऽ' असा आवाज आला.

सुकन्याचा चेहरा उतरला. "थांबा, थांबा! हवा शिरतेय. तोंड नीट गोल नाही, बूच बसत नाहीये. वरून हवा शिरली की खालून सगळा गाळ निसटून जाईल!"

इतकी वर्षे चेपलेल्या तोंडाने मी पडून होतो, त्याची मला कधी लाज वाटली नव्हती. तेव्हा वाटली.

"पानी वलालं," केसरीनाथ म्हणाले. भरती सुरू झाली होती. पाण्याची पहिली जीभ खाचरात शिरली होती.

दामूंनी बूच दाबून पाहिले, दोरीने आवळून पाहिले. सूं थांबेना. तेवढ्यात राहीबाईने पाटी खाली टाकली. लुगड्याची फाटकी कड टर्रकन फाडली, निळ्या चिखलात मळली आणि बुचाभोवती घट्ट लपेटू लागली. वरून मुठीमुठीने चिखल थापला.

"होडी गलाय लागली का आमी काय करतो?" ती म्हणाली. "आता वढा! वढा रे!"

दामू आणि केसरीनाथ साखळीला लोंबकळले. सुकन्याने मला मिठी मारली. आवाज आला नाही. एक फूट, तीन फूट, सहा फूट. मांडीपर्यंत पाणी चढले तेव्हा मी 'पचाक' करून बाहेर आलो, आणि पोटातला सगळा चिखल माझ्याबरोबर!

बांधावर आडवे केल्यावर सगळे माझ्या खालच्या टोकाशी वाकले. चिखलातून एका शिंपल्याची पांढरी कड डोकावत होती. राहीबाईने बोटाने ती पुसली आणि तिचे डोळे मोठे झाले.

"अगो, ही शिवली आपले खारीतली न्हाय. खारीतली काली, पातल सालीची. ही बग कशी जाड हाय. माझी आत्या अर्नाल्याला दिलेली, तिथं मोकल्या दर्यावर अशा गावतात."

"मोकळ्या दर्यावर?" सुकन्याने विचारले.

"मंग! चालीस वरीस शिवल्या निवडल्यात मी."

केसरीनाथ सरळ उभे राहिले. त्यांनी मान वळवून टेकडीकडे पाहिले आणि बराच वेळ पाहत राहिले.

संस्थेत मला करवतीने उभे चिरले. मला भीती वाटत होती. पण दोन्ही अर्धे उघडले आणि खोलीतली सगळी माणसे "अरे वा!" म्हणत गोळा झाली. माझ्यासाठी कोणी असे कधीच म्हटले नव्हते. काळे, निळे, करडे थर एकाखाली एक शांत पडले होते.

चार महिन्यांनी सुकन्या केसरीनाथांच्या अंगणात आली. खाचर पिवळ्या मुरमाखाली गेले होते. तिने माझा रिकामा झालेला अर्धा भाग सोबत आणला होता, कोणता थर कुठे होता ते दाखवायला. म्हणून हे सगळे मला ऐकायला मिळाले.

"आजी, पाण्यात ऑक्सिजन असतो ना, तो हलका आणि जड अशा जातींचा असतो. त्यांना समस्थानिकं म्हणतात. पावसाचं पाणी नदीतून आलं की हलका वाढतो. शिवली आपलं कवच त्याच पाण्यातून बांधते. आम्ही तुमच्या शिवलीच्या कवचावर चोवीस ठिकाणी सुईएवढी भोकं पाडली आणि ती पूड यंत्रात तपासली. हलका तीनदा वाढलेला दिसला, म्हणजे ती तीन पावसाळे जगली होती."

"तीन पावसाले! ते तिच्या सालीवर हायेत?"

"आहेत. आणि आत्ताच्या पावसाळ्यांपेक्षा कितीतरी जोराचे! साडेपाच हजार वर्षांपूर्वीची आहे ती. आजोबा, तेव्हा मोकळा समुद्र तुमच्या खाचरापर्यंत होता. पुढं चिखलातला कार्बन बदलत जातो, त्यावरून तिथं काय वाढत होतं ते कळतं. आधी समुद्रातलं शेवाळ, मग तिवरं, मग भात. आणि इथं," तिने माझ्यावर चार बोटांएवढी जागा दाखवली, "इथल्या बारीक शंखांत जड ऑक्सिजन भरलाय. सुमारे दोनशे वर्षं पाऊस फार कमी झाला होता."

राहीबाई पुढे सरकली. "दोनशे वरीस? मंग मानसं काय खात होती?"

"माहीत नाही, आजी," सुकन्या म्हणाली आणि तिचे डोळे चमकले. "तेच शोधायचंय! पण त्यासाठी अजून एक पाइप घालावा लागेल. जवळपासच."

केसरीनाथांचा खाडीलगत एक लहान तुकडा उरला होता. त्याचेही गिऱ्हाईक ठरत आले होते. त्यांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि अंगणाच्या कडेला जाऊन मोठ्याने म्हणाले, "न्हाय शेट. तो तुकडा न्हाय इकाचा. का? दर्याचं काम बाकी हाय तिथं!"

राहीबाई हसली आणि शिवल्या निवडायला गेली.

मित्रांनो, माझा दुसरा अर्धा भाग संस्थेच्या थंड खोलीत आहे, चिखलासकट. त्यातला पुष्कळसा चिखल अजून कोणी तपासलेला नाही. तुमच्या गावातही ओली, पडीक, कोणाला नको असलेली जमीन असेल. ती बुजवायला ट्रक येतील, तेव्हा निदान एकदा वाकून पाहा, आणि ज्यांनी ती आयुष्यभर तुडवली त्यांना विचारा. आणि शिकून माझ्याकडे या. त्या दोनशे वर्षांत माणसे कशी जगली, हे मलाही ऐकायचे आहे. लवकर या. मी चिखल घट्ट धरून ठेवला आहे.