टाकीच्या झाकणाचा पांढरा

अधिक महिन्यात जावई म्हणजे नारायण. त्या नारायणाच्या गाडीला निंबाखालची सावली मिळावी म्हणून जगदेवने ट्रॅक्टर मागे घेतला, आणि ट्रॉलीचा कोपरा गाडीच्या मागच्या दाराला हातभर घासला. गाडी नवीकोरी. चार महिन्यांपूर्वी नारळ जगदेवनेच फोडला होता.

जावई हरीओम आणि लेक वैष्णवी मोटरसायकलवर रिठदला मावशीकडे गेले होते. चारला परतणार, संध्याकाळी धोंड्याचं जेवण.

"सांगून टाका ना त्याइले," बायको प्रयागबाई पुरण वाटता वाटता म्हणाली.

"काय सांगू? या, बसा, तुमची गाडी फाडली?"

जगदेवला ट्रॅक्टरशिवाय काही चालवता येत नव्हतं, आणि त्याबद्दलही आज शंका निर्माण झाली होती. म्हणून रंग जुळवायला त्याने गाडीच्या पेट्रोलच्या टाकीवरचं झाकण स्क्रू काढून सोडवलं, रुमालात गुंडाळलं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसला.

"प्रसाद काय?" कंडक्टरने विचारलं.

जगदेव हो म्हणाला.

वाशीमला रंगवाल्या किशनने मान हलवली. "पांढऱ्यात सतरा पांढरे हायेत, काका. गाडीवरचा रंगाचा नंबर आना."

"झाकन आनलं ना. याले जुळव. अन् स्वस्तातला दे."

किशनने झाकण उन्हात धरलं. "गाडी नवी म्हनता?"

"चार महिने झाले."

"बरं."

या 'बरं'चा खुलासा त्याने केला नाही. पांढऱ्यात पिवळ्याचे तीन थेंब टाकले, रंग फवाऱ्याच्या डब्यात भरून दिला.

तीन वाजता ओरखड्याभोवती कणकेने कागद चिकटवून जगदेवने फवारा मारला. उन्हात रंग लगेच वाळला. झाकण परत बसवलं. दार आणि झाकण सख्खे भाऊ दिसत होते. बाकीची गाडी सावत्र.

जगदेवने किशनला दोन शिव्या दिल्या. मग झाकणाकडे नीट पाहिलं, आणि तिसरी शिवी तोंडातच राहिली. झाकण आधीपासूनच वेगळं होतं.

तेवढ्यात मोटरसायकल वाजली.

"बाबा, दाराले हे काय झालं?" वैष्णवी थांबली. "अन् झाकनाले बी तसंच!"

जगदेवने तोंड उघडलं, पण बोलला हरीओम. "काही नाही वं. ऊन लागलं का पांढरा असाच होते."

ती आत गेल्यावर जावई जवळ सरकला. "मामाजी, गाडी जुनी हाये. झाकन पहिल्या मालकानं रंगवलं. घरी नवी म्हनून सांगितली म्या."

"ट्रॉली घासली माह्याकडून," जगदेव म्हणाला.

"ते समजलं."

दोघेही गाडीकडे पाहत उभे राहिले.

संध्याकाळी प्रयागबाईने लेक-जावयाला ओवाळलं. वैष्णवी म्हणाली, "आई, गाडीले बी ओवाळ ना. नवी हाये. दिवा जरा जवळ धर."

सासरा आणि जावई एकदमच उठले.

"इथूनच ओवाळा!"