अकरा तासांचा अखंडपणा

लाँड्रीतील वाफेच्या मोठ्या इस्त्रीयंत्रावर काम करणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वकील’ म्हणत. त्यांनी कधी वकिली केली म्हणून नव्हे, तर ती कधी थांबवली नाही म्हणून. त्यांच्यावर देखरेख करणारी मुकादम ही त्यांची पत्नी होती. घड्या घालण्याच्या टेबलापासून बारा वर्षांत ती या पदाला पोचली होती. संध्याकाळी पाचच्या भोंग्यापर्यंत वकील तिला ‘मॅडम’ म्हणत. फाटकाबाहेर पाऊल पडले, की ‘अगं’. ही व्यवस्था निर्वेध चालली होती. परंतु एका सोमवारी कामाच्या वेळांची नवी नियमावली फलकावर लागली आणि वकिलांनी ती जेवणाच्या सुट्टीत तीनदा वाचली.

नववा नियम असा होता : दोन पाळ्यांच्या मध्ये कामगारास सलग अकरा तास विश्रांती मिळावी, वरिष्ठाने मध्येच आज्ञा दिल्यास विश्रांती मोडली असे समजून तास पहिल्यापासून मोजावेत.

आज्ञा कामासंबंधीच असावी, असे कोठेही म्हटलेले नव्हते. वकिलांच्या हे ध्यानात आले, आणि ध्यानात आलेली गोष्ट सोडून देणे त्यांच्या रक्तात नव्हते.

त्या दिवशी रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी पत्नी म्हणाली, “अहो, तेवढा कचरा खाली ठेवून या.” वकिलांनी कचरा ठेवला, हात धुतले आणि वहीत वेळ टिपली. दुसऱ्या दिवशी सहाच्या पाळीला ते सात वाजून दहा मिनिटांनी, प्रसन्न मुद्रेने हजर झाले.

“मॅडम, माझी विश्रांती तुम्हीच मोडलीत.”

“मी? अहो, मी कचरा टाका म्हटलं!”

“वरिष्ठ या नात्याने.”

“बायको या नात्याने!”

“नियमाला नातीगोती कळत नाहीत, मॅडम.”

मंगळवारी वकील हाच मुद्दा अंथरुणावर विस्ताराने मांडत असता दहाच्या ठोक्याला पत्नी ओरडली, “पुरे झालं, झोपा आता!” विश्रांती घेण्याच्या आज्ञेने विश्रांती मोडते काय, हा प्रश्न नाजूक होता. उशीवर डोके टेकता टेकता वकिलांनी तो स्वतःच्या बाजूने निकालात काढला, आणि बुधवारी ते नऊला उगवले.

नऊलाच इस्पितळाच्या चादरींची गाडी निघत असे. ती रिकामी गेली. मालक खाली उतरले.

“बाई, उद्या सहाला हे यंत्र तापलेलं दिसलं नाही, तर परवापासून मुकादम दुसरी.”

“ऐकलंत?” मालकांची पाठ वळताच ती नवऱ्याला म्हणाली. “माझी जागा जाईल.”

“मलाही वाईट वाटतं. पण तत्त्वापुढे इलाज नाही.”

“तत्त्व? घोरत होतात तुम्ही!”

दुपारी चष्मा लावून ती अर्धा तास फलकासमोर उभी राहिली आणि मग मालकांच्या खोलीत गेली.

त्या संध्याकाळी घरात तिने तोंडातून अवाक्षर काढले नाही. ‘जेवायला बसा’देखील नाही, ताट वाढले आणि बोटही दाखवले नाही. वकील अस्वस्थ झाले. पाचपासून अकरा तास चारला पुरे होत होते, म्हणजे सहाला जाणे भाग. एक आज्ञा हवी होती. लहानशी चालली असती.

“अगं, हा दिवा असू दे की मालवू?”

शांतता.

“ओल्या पायांनी गादीवर चढू का?”

शांतता. अखेरीस त्यांनी स्वयंपाकघरातला नळ पुरता सोडला आणि बायकोकडे आशेने पाहिले.

“अरे मेल्या, बंद कर तो नळ!” कोपऱ्यात वाती वळत बसलेली त्यांची आई कडाडली.

“आई, तू लाँड्रीत नोकरीला नाहीस. तुझं धरत नाहीत.”

तेव्हा पत्नीने उठून एक लखोटा त्यांच्यापुढे ठेवला. आत मालकांच्या सहीचे पत्र होते : यंत्रावरील काम पूर्ववत सांभाळून आपली ‘साहाय्यक मुकादम’ या पदावर नेमणूक करण्यात येत आहे. वकिलांची छाती फुगली. पत्र त्यांनी आईला दोनदा वाचून दाखवले आणि खाली ‘मान्य’ लिहून झोकदार सही ठोकली.

“नळ बंद करा,” पत्नी म्हणाली. “फरशी पुसा. पहाटे पाचला उठा. आणि ती वही आत ठेवा. देखरेखीच्या पदांना नववा नियम लागत नाही; पंधरावा वाचा.”

पंधरावा नियम वकिलांनी तिन्ही वाचनांत एवढ्याचसाठी गाळला होता, की तो इतरांविषयी होता.

“ही बढती मी नाकारतो!”

“जरूर नाकारा. अर्ज माझ्याकडे लेखी द्यायचा. सकाळी, यंत्र तापल्यावर.”

गुरुवारी सहाला मालकांनी यंत्राला बोट लावले, चटकन मागे घेतले आणि ते फुंकर घालत वर निघून गेले. वकिलांनी पाच पानी अर्ज पुढे केला. मुकादमांनी तो शेवटपर्यंत वाचला.

“तुमच्या मानाने कच्चा वाटतो. दुसरा मुद्दा पहिल्याला खोडतो, आणि चौथ्याला पुरावाच नाही. हा असा मी वर पाठवला तर लोक काय म्हणतील?”

वकिलांनी पाने परत घेतली, निरखली आणि त्यांचा चेहरा उतरला. चौथ्या मुद्द्याला खरोखरच पुरावा नव्हता.

सध्या त्या अर्जाचा सातवा मसुदा चालू आहे. लाँड्रीत सकाळची शांतता लेखनाला बरी पडते, म्हणून ते हल्ली साडेपाचलाच येतात.