अन्नपूर्णाबाईंचं नवं वर्ष

कपालीश्वराची शप्पथ, वर आमच्या भवानीची शप्पथ, यातला शब्द न् शब्द खरा! खोटं निघालं तर सांगणारीच्या कॉफीत मीठ पडो.

तर मद्रासच्या मैलापुरातल्या दवाखान्यात अन्नपूर्णाबाईंनी जीभ बाहेर काढली, ती डॉक्टर ‘पुरे’ म्हणाले तरी आत घेईनात.

“आई, पुरे म्हणतात ते,” राणोजी ओशाळला.

“एवढी चालत आले, नीट बघू दे की!”

राणोजी त्यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या आठवड्यात देवळातून परतताना आई घरची गल्ली चुकली, कुणीतरी हाताला धरून आणून सोडली. तेव्हापासून त्यानं तिला एकटीनं उंबरा ओलांडू दिला नव्हता. आता डॉक्टर म्हणतील तसं. तंजावरच्या तुळजाक्कानं, अन्नपूर्णाबाईंच्या थोरल्या बहिणीनं, शेवटी शेवटी पोटच्या लेकीला ‘तू कोण गो?’ म्हणून विचारलं होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

“पाट्टी, सकाळी काय खाल्लंत?” डॉक्टर वेंकटरमण त्यांना पाट्टी, म्हणजे आजी, म्हणत तमिळमधून विचारत होते.

“इडली. सुनेनं केलेली. म्हणून तर लक्षात राहिली, दगडासारखी होती.”

डॉक्टर हसले. “बरं, वर्ष कोणतं चालू आहे? इंग्रजी नको, आपलं संवत्सराचं नाव सांगा.”

“प्लव.”

डॉक्टरांचं हसू विरलं. त्यांनी राणोजीकडे पाहिलं. “शार्वरी चालू आहे, पाट्टी. प्लव अजून यायचंय.”

राणोजीनं मान खाली घातली. एकसष्ट सालचा मार्च अर्धा उलटला होता आणि त्याच्या कचेरीतल्या कॅलेंडरवर शार्वरीच होतं. अन्नपूर्णाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग हळूच जीभ टाळूला लावून बघितली.

“राणोजी, परवा तुला कडुनिंब चारला, तो कशाला रे?”

“पाडवा होता म्हणून…” आणि तो एकदम ताठ बसला. “डॉक्टर! आम्हा मराठ्यांचं वर्ष पाडव्यालाच बदललं!”

“यांचं तमिळ वर्ष चित्तिरैला, एप्रिलमध्ये उजाडतं,” अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. “उशिरा उठतात बिचारे.”

डॉक्टर पोट धरून हसले. मग खिडकीपाशी नेऊन त्यांनी अन्नपूर्णाबाईंचे डोळे तपासले. “गल्ली डोक्यानं नाही चुकली, मोतीबिंदूनं चुकवली. ऑपरेशन करून घ्या. आणि यांना कोंडून ठेवू नका हो. रोज चालू दे, चार बायकांत बसू दे. पाय आणि तोंड चालतंय तोवर डोकंही चालेल.”

“तोंडाची काळजी नको,” राणोजी म्हणाला.

रस्त्यात त्यानं विचारलं, “आई, घाबरली होतीस?”

“मी? वेडा की काय!”

शब्द न् शब्द खरा, म्हटलंच होतं. फक्त हे शेवटचं उत्तर तेवढं माझ्या पदरचं. प्रत्यक्षात त्यांनी मुलाचा हात धरला, आणि देवळाचं तळं मागे पडलं तरी सोडला नाही.