साहेबांना सांग

"धनाजी, साहेबांना सांग, आज दुपारी काम बंद राहणार नाही."

संजीव साहेब गाडीच्या मागच्या सीटवरून बोलले. ज्यांना सांगायचं ते देवव्रत साहेब त्यांच्याच शेजारी, खिडकीबाहेर बघत बसले होते.

"साहेब, आज दुपारी काम बंद न्हाई म्हनत्यात," धनाजी आरशात बघून म्हणाला.

"त्यांना म्हणावं, उन्हाळ्यात दुपारी उघड्यावर काम नाही, हा इथला कायदा आहे. पण मी आज ऑफिसात आहे. साइटवर येणार नाही."

धनाजीनं तेही पोचवलं. करा, मी बघितलं नाही, असा त्याचा अर्थ. तो गाडीतल्या तिघांनाही कळला.

संजीव साहेब प्रोजेक्टचे, देवव्रत साहेब सेफ्टीचे. दोघंही पुण्याचे, इथं आखातात द पर्ल या श्रीमंती वस्तीत एकाच टॉवरात राहणारे. कंपनीनं दोघांत मिळून एक गाडी दिली आणि उजवीकडे कुणी बसायचं यावरून अबोला सुरू झाला. शिकलेली माणसं, पण रुसण्यात शाळकरी पोरांच्या वरताण. धनाजीनं उच्चारल्याशिवाय एकाचं बोलणं दुसऱ्याच्या कानात शिरायचंच नाही. कामगारांच्या कॅम्पवर धनाजी नंदूला त्यांच्या नकला करून दाखवी. नंदू साइटवरचा मजूर, त्याच्या गावचा, त्याच्याच खोलीतला. दोघं पोट धरून हसत.

फुटबॉलचा वर्ल्डकप तोंडावर आला होता, काम थांबलं नाही. त्या दुपारी स्टेडियमच्या रस्त्यावर नंदू उन्हानं कोसळला. हॉस्पिटलात नेलं, पण रात्रीच तो गेला.

दुसऱ्याच दिवशी चौकशी बसली. मधल्या खुर्चीत कंपनीचा वरचा गोरा साहेब, टेबलाच्या दोन टोकांना हे दोघं, थेट कोर्टच.

"ऑर्डर यांची!" देवव्रत साहेब म्हणाले.

"परवानगी यांची!"

"तुमचं दोघांचं बोलणं झालं होतं का?" गोऱ्या साहेबानं इंग्रजीत विचारलं.

कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच त्यांची नजरानजर झाली.

"नाही," संजीव साहेब म्हणाले. "निरोप ड्रायव्हरनं दिला."

"आणि चुकीचा दिला," देवव्रत साहेबांनी जोडलं.

दाराशी उभ्या धनाजीचं डोकंच फिरलं. येत होतं तेवढं इंग्रजी ऐन वेळी पळालं आणि तो मराठीतच ओरडला, "खोटं बोलताय, साहेब! तुमचंच तुमास्नी सांगितलं म्या. माझ्या पदरचं एक अक्षर न्हाई!"

गोऱ्या साहेबानं विचारलं, "काय म्हणतोय?"

"सॉरी म्हणतोय," संजीव साहेबांनी सांगितलं. देवव्रत साहेबांनी मान डोलावली.

खलास. धनाजीचं परतीचं तिकीट निघालं.

त्या दिवशी साहेबांना घरी सोडायचं काम मात्र त्याचंच होतं. मागे दोघांच्या छान गप्पा चालल्या होत्या. धनाजीशी कुणी बोललं नाही. गाडी टॉवरखाली थांबली.

"संजीव, त्याला दार उघडायला सांगा."

धनाजी हलला नाही. "निरोप्या गेला, साहेब," तो समोर बघत म्हणाला.

दोघांनी आपापलं दार उघडलं आणि तसंच उघडं टाकून ते निघून गेले. दोन्हीकडून झळ आत आली. धनाजी त्यात बसून राहिला. फोन वाजत होता. नंदूची बायको हौसा गावाकडून सकाळपासून फोन करत होती, आणि तिला काय सांगायचं, ते त्याला कुणीच सांगितलं नव्हतं.